पिठाच्या डब्यातली कथा
(कामगारांच्या साहित्य शिबिरात एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने केलेले भाषण)



लेखक म्हणून नव्हे, तुमच्यासारखाच तिन्ही पाळ्या केलेला माणूस म्हणून मी बोलतो आहे. माझी सारी नोकरी केबिनमध्ये लिव्हर ओढण्यात गेली. "कथा लिहावीशी वाटते, पण स्फूर्ती येत नाही," असे आपले साथी नेहमी म्हणतात. त्यावर माझी फजिती सांगतो.

रेल्वेचा संप ८ मे १९७४ रोजी सुरू झाला आणि वीस दिवस चालला. मी नोकरीत नवा होतो. संपानंतर पहिली कथा लिहिली. नायक द्वारसभेत भाषण करतो, मागण्या वाचतो, पोलीस त्याला नेतात, घोषणा होतात. मोठ्या अभिमानाने घरी वाचून दाखवली. बायकोने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "ह्याची बायको त्या वीस दिवसांत काय शिजवत होती?"

मी गप्प झालो. कारण उत्तर मला ठाऊक होते. शेजारच्या पोस्टमनच्या बायकोने न मागता पिठाचा डबा आणून ठेवला होता. डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून आमच्या घरातून त्यात चार हिरव्या मिरच्या गेल्या. घरात दुसरे काही नव्हतेच. मागण्या पत्रकात छापून आल्याच होत्या. त्या चार मिरच्या मात्र कुणी लिहिल्या नव्हत्या. माझी दुसरी कथा तिथून सुरू झाली.

आपल्यातल्याच मोठ्या लेखकांकडे पाहा. उर्दू कथाकार राजिंदरसिंह बेदी लाहोरच्या पोस्टात कारकून होते. त्यांची 'गरम कोट' ही कथा एका कारकुनाच्या जुन्या कोटाभोवती फिरते. बाबुराव बागूल रेल्वेत नोकरीला होते. १९६३ साली आलेल्या त्यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' ह्या संग्रहाच्या शीर्षककथेत रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण जात लपवून राहतो. एकाला कोट पुरला, दुसऱ्याला डोक्यावरचे छप्पर. विषय शोधायला दोघांनाही दूर जावे लागले नाही.

तेव्हा सुरुवात अशी करा. खिशात छोटी वही ठेवा. दिवसभरात जे मनात अडकून राहील ते एका वाक्यात टिपा. समजा, एखादी म्हातारी पत्र नसतानाही रोज पोस्टमनला दारात थांबवते. मग स्वतःला विचारा : हिला काय हवे आहे? ते का मिळत नाही? एके दिवशी पोस्टमन बदलला तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नाशी कथा चालू लागते. म्हातारीच्या जन्मापासून सुरुवात करू नका. नवा पोस्टमन न थांबता पुढे गेला, तिथून करा.

रोज अर्धा तास ठरवा. रात्रपाळी असेल तर झोपून उठल्यावर. ड्युटीवर मात्र वही उघडू नका. लिव्हर आणि कथा एका वेळी सांभाळता येत नाहीत! भाषा घरात बोलता तीच ठेवा. कथा पुरी होईपर्यंत खाडाखोड करू नका. पुरी झाली की खात्याबाहेरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. तो जिथे "म्हणजे काय?" म्हणेल, तिथे दुरुस्ती करा.

टपालातल्या साथींना एक विनंती. लोकांच्या पत्रांतला मजकूर ही त्यांची ठेव आहे, ती कथेत आणू नका. ओळखीच्या माणसावर लिहिताना नाव-गाव बदला. त्याने वाचले तर त्याची मान खाली जाऊ नये.

संपाचा इतिहास लिहिला गेला, पुढेही लिहिला जाईल. त्यात तारखा असतील, पुढाऱ्यांची नावे असतील. पिठाचा डबा कुणी आणला हे त्यात असणार नाही. तो आणणारी बाई आज हयात नाही आणि ही हकीकत जाणणारे आम्ही दोघेच उरलो आहोत. तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल. आज रात्री त्याबद्दल एक पान लिहा आणि उद्या सकाळी इथे वाचून दाखवा.