हत्याराची मूठ

सावंतवाडीचीं रंगीत लांकडी खेळणीं आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं येऊन गेलीं असतील. तें कांतीव काम पाहतांना आपण रंगाची तारीफ करतों, घाटाची करतों. ज्या हत्यारानें तें झालें त्याच्या मुठीचा विचार मात्र मनांत येत नाहीं. आज मी बोलणार आहें तें अशा मुठीविषयीं. त्यांतही जिच्यांत पातीं बदलून बसवितां येतात त्या मुठीविषयीं. घरीं लहानशी लेथ ठेवणारीं हौशी माणसें शहरांतही आढळतात. त्यांनीं ही मूठ विकत न घेतां स्वतःच करावी, असें मला वाटतें.

मूठ लांब कां हवी? लेथच्या टेकणावर ठेवलेलें हत्यार ही एक तरफच होय. समजा, पातें टेकणापुढें 2 इंच आहे आणि आपला हात मागें 14 इंचांवर आहे. फिरत्या लांकडानें टोंकावर 7 किलोंचा दाब दिला, तर हाताला 1 किलोच पेलावा लागतो. हत्यार आणखी 2 इंच पुढें सरकलें, कीं तोच भार दोन किलोंच्या वर जातो. खोल वाडगा आंतून कोरतांना असें पुढें जावेंच लागतें. म्हणून त्या गोल पटाशीला लांब मूठ, आणि नाजूक कामाला आंखूड. एकाच मुठीवर सर्व भागविण्याची काटकसर करूं नये. दोन तरी असाव्या.

लांकूड शिसवी किंवा बाभळीचें घ्यावें. खेळण्यांना सोईचा असणारा हलका पांगारा येथें कुचकामाचा. लांकडाच्या रेषा या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सरळ हव्यात, आणि तें पुरतें वाळलेलें हवें. ओलें लांकूड मागाहून आकसतें आणि तोंडावरचें कडें सैल होतें.

नवशिका आधीं सुरेख मूठ कांततो आणि मग तींत भोंक पाडावयास बसतो. तें मध्य सोडून जातें आणि पातें तिरपें बसतें. याकरितां भोंक आधीं पाडावें. लांकूड फिरतें आणि गिरमिट स्थिर ठेवलें म्हणजे तें सहसा सरळ जातें. मग लेथचें निमुळतें टोंक त्या भोंकाच्या तोंडांत टेकवून बाहेरचा भाग कांतावा. भोंक आपोआप मध्यावर येतें. तोंडावर पितळेचें कडें ठोकून बसवावें, मुसळाला वसवी असते तसें. तें नसेल तर मूठ जळाऊ लांकडासारखी उभी फुटते.

भोंकांत धातूची जाड नळी इपॉक्सीनें चिकटवावी आणि तिला बाजूनें दोन स्क्रू द्यावे. नुसत्या लांकडांत स्क्रूचे आटे टिकत नाहींत. पात्याच्या दांड्यावर, स्क्रू टेकतो तेथें, कानशीनें थोडा सपाटपणा आणावा. नाहींतर दांडा आंतल्या आंत फिरतो. लेथ सुरू करण्यापूर्वीं हे स्क्रू प्रत्येक वेळीं आवळून पाहावे. मिनिटाला हजार फेरे घेणाऱ्या लांकडानें सैल पातें हिसकलें, तर बोटें आणि डोळे दोन्ही धोक्यांत येतात.

घाट ज्याच्या त्याच्या तळहाताप्रमाणें. चकचकीत व्हार्निश लावूं नये, घामानें हात निसटतो. जवसाचें तेल पुरेसें आहे. मात्र तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नका. तो आंतून तापून आपोआप पेट घेऊं शकतो. उघड्यावर पसरून तो वाळवावा आणि मगच टाकावा.