बेताच्या पैशात जुने टीव्ही गेम

हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. ज्याने ही म्हण काढली त्याचा पगार बहुधा त्याच दिवशी झाला असावा. तुमच्या-आमच्या हौसेला मोल असते, आणि ते महिनाअखेरीस नेमके कळते. जुने व्हिडिओ गेम जमवण्याची हौस तर या बाबतीत फारच नाठाळ. २०२१ च्या जुलैत अमेरिकेत 'सुपर मारिओ ६४' या १९९६ च्या खेळाची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरांना गेली. आता गंमत अशी, की ज्याने ती घेतली त्याला ती खेळता येणार नाही. वेष्टन फाडले की किंमत गेली!

ही बातमी वाचून तुम्ही हा नाद सोडणार असाल तर जरा थांबा. आपल्याला तो मारिओ नकोच आहे. आठवून पाहा, आपल्या लहानपणी घरात, किंवा शेजारच्या ज्या भाग्यवंताच्या घरात, जे यंत्र होते ते काय होते? जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' काढला. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात घरोघर आल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. त्यांना आपण 'टीव्ही गेम' म्हणत होतो, आणि त्यात खुपसायच्या प्लास्टिकच्या ठोकळ्याला 'कॅसेट'. कॅसेटवर लिहिलेले असायचे '९९९९ इन १'. खेळ मोजून पाच-सात. तेच पुन्हापुन्हा, कुठे दुसऱ्या मजल्यापासून सुरू, कुठे रंग बदललेला. आपण फसलो होतो, पण कोणी तक्रार केल्याचे स्मरत नाही.

माझे सांगणे एवढेच, की संग्रह याचाच करा. परदेशी संग्राहक अस्सल-नक्कल पाहण्यासाठी कॅसेट उघडून आतली पट्टी तपासतो, आणि त्याचे ते बरोबरच आहे. पण आपल्या घरात नक्कल हीच खरी वस्तू होती. तिला बाजारात भाव नाही, म्हणून ती आपल्याला परवडते. आणि भाव नाही म्हणूनच ती रोज भंगारात चालली आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात नव्याने मिळेनासे झाले होते. ही अस्सल खेळांची गत. आपल्या त्या रंगीबेरंगी, चुकीच्या स्पेलिंगच्या कॅसेटींची मोजदाद कोण करणार?

शोध घरापासून सुरू करावा. माळ्यावर, मामाकडे, वाड्यातल्या जुन्या बिऱ्हाडाकडे विचारावे. मग पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार. विकणारा 'चालू आहे' म्हणाला तर हसून मान डोलवावी आणि 'बंद' या भावाने मागावी. बंद कॅसेट पुष्कळदा बंद नसतेच, नुसती मळलेली असते. आपण सगळ्यांनी तिच्यात फुंकर मारलेली आहे. ती मारू नये, बरं का. तोंडातल्या ओलीने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्या पट्ट्या पुसाव्यात, वाळू द्याव्यात. जुना काचेचा, जाड पाठीचा टीव्ही कुणी फुकट देत असेल तर घरच्यांची बोलणी खाऊनही घ्यावा. बंदुकीने बदके टिपण्याचा 'डक हंट' नव्या चपट्या पडद्यावर जुन्या बंदुकीने चालतच नाही.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको, ती म्हणजे वीज. मी हौसेने एक जपानी फॅमिकॉम मागवला आणि आला तसा त्याच्याच अडॅप्टरवर भिंतीला लावला. जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. घाई झाली, दुसरे काय! आधी वास आला, मग धूर. अडॅप्टर गेला, यंत्र दैवाने वाचले, आणि घरात तो विषय अजून निघतो. तेव्हा यंत्राच्या बुडाशी किती व्होल्ट लिहिले आहेत, पिनेच्या मधोमध धन आहे की ऋण, हे वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

खर्चाला मी महिन्याला ५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. उरले तर पुढे जातात. संपले तर असलेले खेळ खेळावे. तुम्ही म्हणाल, हे सारे खेळ संगणकावर दिसतात, मग हा पसारा कशाला? खेळ दिसतो हे खरे. पण परवा एका पोत्यातून निघालेल्या कॅसेटच्या पाठीवर बॉलपेनने लिहिले आहे, 'रविवारी परत'. अक्षर दहा-बारा वर्षांच्या पोराचे. पट्ट्या पुसल्या, कॅसेट चालू झाली. ते अक्षर मात्र मी पुसलेले नाही.