विहाराची भिंत आणि आपले हात

(विहाराच्या वर्धापन दिनी उपासक-उपासिकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर मोठं चित्र काढायचं, हे आपण ठरवलं. आता प्रश्न उरला, काढणार कोण? काही बंधू म्हणतात, "पेंटरला ठेका द्या, चार दिवसांत काम मोकळं. आपल्याला कुठं येते चित्र?" आमचा विरोध पेंटर बंधूंना नाही. ती त्यांची रोजीरोटी आहे, आणि त्यांना आपण गुरुजी म्हणून बोलावणारच आहोत. आमचा विरोध आहे "आपल्याला कुठं येते" या बोलण्याला. पिढ्यान् पिढ्या आपल्याला हेच ऐकवलं गेलं, आणि आता आपणच आपल्या लेकरांना ऐकवू लागलो.

बंधू-भगिनींनो, गिरणीत कापडाचा एक वार तरी कुणी एकट्यानं काढला काय? कुणी कापूस पिंजला, कुणी सूत काढलं, कुणी खळ दिली, कुणी माग चालवला. एकाचं काम चुकलं की थानभर दिसायचं. आम्ही गिरणी कामगार हे हातानं शिकलो. भिंतीचं चित्रही असंच खात्याखात्यानं होते. सगळ्यांनाच हुबेहूब चेहरा काढता आला पाहिजे, असं नाही. कुणी भिंत खरवडेल, कुणी दोरी मारेल, कुणी रेघ ओढेल, कुणी रंग भरेल.

आपण सहलीला अजिंठ्याला जातो. नवव्या आणि दहाव्या लेण्यातली सर्वांत जुनी चित्रं दोन हजार वर्षांपूर्वीची. नंतर इसवी सनाच्या पाचव्या शतकात वाकाटकांच्या काळात फार मोठं काम झालं. वाकाटक राजा हरिषेण याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या विदर्भातलं वाशिम. त्याचा मंत्री वराहदेव यानं सोळावं लेणं दान दिलं, हे तिथल्या शिलालेखात आहे. दात्यांची नावं कळतात, पण ज्यांनी चित्रं काढली त्या कारागिरांची नावं कळत नाहीत. त्यांनी आधी दगडावर माती, शेण, भाताचं तूस यांचा गिलावा दिला. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला. मग गेरूनं रेघ काढली आणि रंग भरले. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना, असे बहुतेक रंग साधेच. निळा दगड तेवढा अफगाणिस्तानाकडून यायचा. म्हणजे ज्या चित्रांपुढे आज जग हात जोडते, ती माती कालवणाऱ्या हातांनीच उभी केली आहेत.

दुसरं उदाहरण आपल्या घराघरात आहे, ते म्हणजे भारताचं संविधान. मूळ हस्तलिखित प्रतीतली सजावट नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनमधल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली. हेच नंदलालबाबू तरुणपणी अजिंठ्याला जाऊन तिथली चित्रं उतरवून आले होते. संविधानाच्या पानांवर बुद्धांच्या जीवनातला प्रसंग आहे, सम्राट अशोकाच्या धम्मप्रसाराचंही चित्र आहे. गुरू आणि शिष्य मिळून काम करतात, ते असं.

परदेशातलं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत शिकागो शहराच्या दक्षिण भागात, काळ्या लोकांच्या वस्तीत, १९६७ साली काळ्या चित्रकारांनी एका जुन्या इमारतीवर आपल्या थोर माणसांची चित्रं काढली. त्या भिंतीला त्यांनी 'सन्मानाची भिंत' असं नाव दिलं. त्यात डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस होते, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं होतं. वस्तीनं ती भिंत आपली मानली. १९७१ मध्ये इमारतीला आग लागली, पुढे ती पाडली गेली. पण तिच्यापासून स्फूर्ती घेऊन अमेरिकेतल्या कितीतरी वस्त्यांनी आपापल्या भिंती रंगवल्या. त्या भिंतीपासून एक सावधगिरीही घ्यावी. तिथं एका चित्रकाराचा भाग इतरांनी पुसून पुन्हा रंगवला आणि गटात कटुता आली. आपल्याकडे कुणाचंही काम, मग ते पाचवीतल्या पोरीचं का असेना, तिला विचारल्याशिवाय पुसायचं नाही.

आता काम कसं करायचं ते ऐका.

पहिलं, भिंत. पावसाळ्याची ओल पुरती सुकल्याशिवाय हात लावायचा नाही. लोणा लागला असेल तो खरवडायचा, भेगा भरायच्या, मग अस्तराचा हात द्यायचा. ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग लावा, पापुद्रे सुटतातच.

दुसरं, नमुना. कागदावर लहान चित्र काढून त्यावर एकेक इंचाचे चौकोन पाडायचे. भिंतीवर खडूची दोरी मारून एकेक फुटाचे चौकोन पाडायचे. दोन्हीकडे सारखे नंबर टाकायचे. कागदाच्या चौकोनात जी रेघ आहे तीच भिंतीच्या चौकोनात काढायची. ज्याला अख्खा घोडा काढता येत नाही, त्याला चौकोनातली एक वाकडी रेघ नक्की काढता येते.

तिसरं, रंग. कोणत्या जागी कोणता रंग, त्याचा नंबर आधी लिहून ठेवायचा. वरून खाली यायचं, म्हणजे ओघळ झालेल्या कामावर पडत नाही. परांचीवर मोठ्यांनीच चढायचं, मुलांनी जमिनीवरून हात पोचेल तेवढं करायचं. बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा चेहरा शिकलेल्या हातानं काढावा, बाकी सारी भिंत वस्तीची.

चौथं, आणि सर्वांत महत्त्वाचं, चित्र कशाचं? इथं भांडण होणार, हे आम्हाला ठाऊक आहे. कुणी पुढाऱ्याचा फोटो घाला म्हणेल, कुणी देणगीदारांची यादी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की बौद्ध भिक्षुसंघाला ठराव, गणपूर्ती, मतदान हे सगळे नियम ठाऊक होते. संघात शलाका, म्हणजे काड्या, घेऊन मत मोजत. आपणही तसंच करू. तीन नमुने मांडू, प्रत्येकावर बोलू, मग काड्या टाकू. पोरींची काडी आणि म्हाताऱ्यांची काडी सारखीच मोजू.

आमचा एक नमुना आताच मांडतो. २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात दलित वर्गाच्या महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असं बाबासाहेब तिथं म्हणाले. याच शहरात जाईबाई चौधरी यांनी आपल्या मुलींसाठी शाळा चालवली. आपल्या भिंतींवर या बाया कुठं आहेत? चौदा ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लेकरू कडेवर घेऊन पायी गेलेल्या आज्या कुठं आहेत?

हे आताच का म्हणतो? एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली. आपल्यातल्या कितीतरी घरांच्या दोन-दोन पिढ्या नागपूरच्या गिरण्यांत खपल्या. आज एम्प्रेसच्या जागेवर मॉल आहे. तिथं जाणाऱ्या पोराला विचारा, इथं कोण राबत होतं? त्याला सांगता येत नाही, कारण त्याला कुणी दाखवलंच नाही. दीक्षा पाहिलेली माणसंही आता वस्तीत बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्याकडून ऐकून घ्यायला फार वर्षं नाहीत.

म्हणून मुलांनो, पहिलं काम ब्रशचं नाही, वहीचं आहे. या आठवड्यात घरच्या, शेजारच्या एका आजीला विचारा, तिनं काय पाहिलं, अंगावर काय नेसलं होतं, सोबत कोण होतं. ते लिहून आणा. त्यातूनच नमुना निघेल. भगिनींनी आपली नावं महिला मंडळाकडे द्यावीत. कामगार बंधूंनी पाळी पाहून दिवस सांगावा, रविवारची सकाळ तर सगळ्यांचीच. रेघ वाकडी आली तरी चालेल. ती आपल्या हातची असली पाहिजे, एवढंच आमचं मागणं आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!