संततिनियमन आणि संततिलाभ : आपल्या वैद्यक-व्यवसायी बांधवांचे कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या विषयावर चार शब्द बोलण्यास मंडळाच्या चालकांनी आम्हांस पाचारण केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. वधूवर-सूची आणि गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव यांस आपल्या स्मरणिकेत नेहमीच मानाचे स्थान असते. परंतु विवाहानंतर घराच्या चार भिंतींआड जे दुःख मुकाट्याने सोसले जाते, त्याचा उल्लेखही आपण टाळतो. ज्ञातीत आज डॉक्टर, वैद्य आणि परिचारिका यांची संख्या अल्प नाही. म्हणून आमचे बोलणे प्रथम त्यांच्यासाठी, व त्यांच्या द्वारे सर्व कुटुंबांसाठी आहे.

या विषयाचा उच्चार महाराष्ट्राला नवा नाही. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र सुरू केले होते. १९२७ पासून १९५३ मध्ये देहावसान होईपर्यंत कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, आणि त्यापायी न्यायालयाच्या पायऱ्याही चढल्या. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पुढे १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. ज्याची एके काळी निंदा झाली, तेच राष्ट्राचे धोरण झाले.

साधनांची प्रगतीही मोठी आहे. संमिश्र संप्रेरकांची गोळी स्त्रीबीज बाहेर पडणे थांबविते. तांबी मुख्यत्वे शुक्रजंतूंनाच निष्प्रभ करते, तिचा एक प्रकार १० वर्षे काम देतो, आणि ती काढताच पुन्हा गर्भधारणा होऊ शकते. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने शोधलेली, संप्रेरक नसलेली आठवड्याची गोळी सरकारी केंद्रांत ‘छाया’ या नावाने मिळते. तीन महिन्यांस एकदा घ्यावयाचे ‘अंतरा’ हे इंजेक्शनही मिळते. दोन मुलांत अंतर ठेवण्यास एवढे मार्ग मोकळे असता, नवविवाहितेस त्यांची माहिती देण्यास घरातीलच डॉक्टर संकोचतो, हे आश्चर्य नव्हे काय?

याहून मोठे आश्चर्य पुढे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, प्रजननवयातील विवाहित स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ३८ जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली होती. ज्यांच्या पतींची नसबंदी झाली होती, अशा हजारी तीनच निघाल्या. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आहे. चीनमधील डॉ. ली शुन्‌च्यांग यांनी १९७४ साली काढलेल्या पद्धतीत सुरीचा छेद नाही, टाका नाही. जागा बधिर करून काही मिनिटांत काम होते व गृहस्थ त्याच दिवशी घरी जातो. तीन महिने अन्य साधन वापरून, वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत अशी खात्री करून घेणे मात्र अगत्याचे आहे. पौरुषास यामुळे बाध येत नाही. १९७५ ते १९७७ या काळातील सक्तीच्या शस्त्रक्रियांची कटू आठवण लोकांच्या मनात घर करून राहिली, हे खरे. परंतु सक्तीचा निषेध करणे वेगळे, आणि सर्व भार पत्नीवर टाकून मोकळे होणे वेगळे.

आता दुसरी बाजू. वर्षभर नियमित सहवास होऊनही गर्भधारणा न झाल्यास, आणि पत्नीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांनीच, दोघांचीही तपासणी व्हावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. अपत्यहीन दांपत्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो. वीर्यतपासणी स्वस्त व वेदनारहित आहे. तरी सून वर्षानुवर्षे औषधे, उपासतापास आणि टोमणे सोसते, व मुलाची तपासणी करण्याचे कोणासही सुचत नाही! स्त्रीच्या बाबतीतही कारण पुष्कळदा शोधण्यासारखे असते. गर्भनलिका बंद होण्यास आपल्या देशात क्षयरोग हेही एक कारण आहे, हे आपल्या तरुण डॉक्टरांनी विसरू नये.

कृत्रिम गर्भधारणेच्या इतिहासातील एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात पहिले परीक्षानळी-बालक जन्मले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी दुसरे जन्मले. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. १९८१ साली त्यांनी आत्मघात करून घेतला. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांना यश येऊन कन्या जन्मली, आणि भारतातील पहिलेपणाचा मान त्यांस मिळाला. परंतु मुखोपाध्यायांची टिपणे वाचल्यावर आनंद कुमार यांनी १९९७ साली जाहीर केले की, तो मान मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःच्या मस्तकावरील मुकुट उतरवून मृताच्या चरणी ठेवणे, ही सत्यनिष्ठा आम्हांस शोधाइतकीच थोर वाटते. मुंबईतील त्या कन्येस २०१६ साली पुत्र झाला, तो डॉ. हिंदुजांच्याच हस्ते.

ही सत्यनिष्ठा आपल्या डॉक्टरांकडून आम्ही मागतो. आपली ज्ञाती लहान. डॉक्टर आणि रुग्ण एकाच पंगतीस बसतात. त्यामुळे दोन मोह होतात. एक, रुग्णाचे गुपित घरात बोलण्याचा. दुसरा, वडीलधाऱ्यांच्या भिडेने मुलातील दोष झाकण्याचा. दोन्ही त्याज्य होत. तिसरी गोष्ट तर अपराधच: गर्भलिंग सांगणे. त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली व देशाने १९९४ साली कायदा केला. कोणी काका-मामा नात्याचा आग्रह धरील, तर त्यास स्पष्ट नकार द्यावा.

मंडळास आमची विनंती एवढीच आहे. विवाहेच्छू व नवविवाहित दांपत्यांसाठी वर्षातून दोनदा सल्लाकेंद्र चालवावे, आणि तेथे पतिपत्नी दोघांनीही यावे असा नियम ठेवावा. सल्ला देणारे शक्यतो ज्ञातीबाहेरचे असावेत, म्हणजे संकोच राहणार नाही. आणि ज्यांस अपत्य नाही, अशा भगिनींस हळदीकुंकवास व ओटी भरण्यास इतर सुवासिनींइतक्याच मानाने बोलवावे. यास निधी लागत नाही, ठराव लागत नाही. केवळ अंतःकरण लागते.