नकाशावरची कांदळवनं

ठाणे खाडीकाठची कांदळवनं वाढली की घटली, हे चिखलात उभं राहून कळत नाही. संगणकावर मात्र विद्यार्थी ते स्वतः तपासू शकतात. लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रं २००८ मध्ये सर्वांसाठी मोफत खुली झाली; क्यूजीआयएस ही नकाशाप्रणालीही विनामूल्य आहे. हिरवं पान निकट-अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतं, पाणी ते शोषून घेतं. झाडी ओळखायची ती या फरकावरून. पण आजच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे ३० मीटरचा चौकोन. त्यात तिवराचं झाड आहे की कांदळाचं, हे पाहायला ओहोटीची वेळ साधून खाडीतच उतरावं लागतं आणि तिथली नोंद पुन्हा नकाशावर चढवावी लागते.