शाळेचा खर्च आणि समाजाचा खजिना



अध्यक्षपद दिल्याबद्दल आभार मानण्याची रूढी मी या एका वाक्यात पाळतो. कारण स्वागताध्यक्षांनी आताच आपल्या बेने इस्राएल यहुदी समाजाच्या औदार्याची जी स्तोत्रे गायिली, ती ऐकून आभारांपेक्षा तक्रारीचीच इच्छा माझ्या मनात प्रबळ झाली आहे.

औदार्य आपल्यात नाही असे कोण म्हणतो? सणाच्या दिवशी मशिदीत, म्हणजे आपल्या सिनेगॉगमध्ये, हेखाल (तोराच्या गुंडाळ्यांचे कपाट) उघडण्याच्या मानाची बोली सुरू झाली म्हणजे, ज्याचा पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नाही असा गृहस्थही, पुढल्या बाकावरचा व्याही दहा रुपये म्हणाला म्हणून अकरा म्हणतो. धर्मनियमाप्रमाणे सणाला लेखणीस हात लावता येत नाही म्हणून गबई, म्हणजे मशिदीचा खजिनदार, तो आकडा मनात ठेवतो, आणि सण उलटताच वसुलीस दारात हजर होतो. (आमच्या गबईंची स्मरणशक्ती हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.) त्याच गृहस्थापाशी शाळेसाठी शब्द टाका. ‘माझी मुले शिकून मोठी झाली, आता ज्यांची शिकताहेत त्यांनी पाहावे,’ हे उत्तर ठरलेले. या उत्तराशीच आज माझे भांडण आहे.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 साली या मुंबईत आपली शाळा काढली, तेव्हापासून तिचा जमाखर्च कोणी सांभाळला हे एकदा धिटाईने आठवा. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने मदत धाडली. पुढे बगदादेत जन्मलेल्या आणि हाँगकाँग-शांघायच्या व्यापारात धन मिळविलेल्या सर एली कदूरी यांनी देणगी दिली, आणि माझगावच्या इमारतीवर त्यांचे नाव आले. ते नाव तेथे शोभते. परंतु त्या उदार पुरुषाच्या नावाआड उभे राहून आपण आपली थैली बंद केली, हे मात्र शोभत नाही. त्याही पूर्वी डॉ. जॉन विल्सन यांच्यासारख्या मिशनऱ्यांच्या शाळांत आपल्या आज्या-पणज्यांनी हिब्रूचे व्याकरण गिरविले. आपल्याला ख्रिस्ताकडे वळविण्याच्या हेतूने ज्यांनी पदरमोड केली त्यांच्याकडून आपण आपली धर्मभाषा शिकलो, आणि तरीही शिक्षणाचा खर्च दुसऱ्या कोणी तरी करावा ही सवय आपल्याला जडली ती जडलीच.

शास्त्र काय म्हणते? यरुशलेमच्या मंदिराचा विध्वंस होण्यापूर्वी काही वर्षे महायाजक असलेल्या यहोशुआ बेन गमला यांनी प्रत्येक प्रांतात आणि प्रत्येक नगरात शिक्षक नेमण्याची व सहा-सात वर्षांच्या मुलांना त्यांच्यापुढे बसविण्याची व्यवस्था लावून दिली. तालमुदाच्या बाबा बथ्रा ग्रंथात त्याच प्रकरणी हिशेबही दिला आहे: पंचवीस मुलांस एक शिक्षक, चाळीस झाली तर त्याच्या हाताखाली मदतनीस, पन्नास झाली तर दोन शिक्षक. आणि पालकांची ऐपत नसेल तर? सोळाव्या शतकात क्राकोचे रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी निर्वाळा दिला, की जेथे बापांना शिक्षकाचे वेतन झेपत नाही आणि समाजाला ते द्यावे लागते, तेथे ते मालमत्तेच्या प्रमाणात वसूल करावे. मुलांच्या संख्येच्या प्रमाणात नव्हे! ज्याच्या घरी पाळणा हललेला नाही आणि ज्याची नातवंडेही शाळा सोडून गेली, तोही या वसुलीतून सुटत नाही.

कोणी म्हणतील, 1948 पासून कुटुंबामागून कुटुंब इस्राएलला निघाले आहे, मग शाळा चालवावी कोणासाठी? हा आक्षेप मला उलटाच दिसतो. वर्गात पंचवीसांची बारा मुले झाली म्हणून शिक्षकाचा पगार निम्मा होत नाही. उरलेल्या बारा घरांची फी मात्र वाढते, ती वाढली की आणखी चार बाप आपली मुले उचलून दुसरीकडे घालतात, आणि आठांवर बोजा पडतो. निघून जाणारा मुलगा हिब्रू घेऊन जावा आणि मागे राहणाऱ्याला ती येथेच मिळावी, असे वाटत असेल तर हा बोजा पालकांच्या डोक्यावरून उतरवून सर्वांनी वाटून घेतला पाहिजे. राज्यघटनेच्या 30व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्काबरोबर खर्चाची जोखीम सरकारने स्वतःच्या शिरावर घेतलेली नाही.

फीमाफीने काम भागते, असेही सांगण्यात येते. मिळकतीचा दाखला, घरभाड्याची पावती आणि मशिदीचा प्रमुख जो मुकादम त्याची शिफारस हातात धरून, ज्या कमिटीत आपलाच मावसभाऊ बसला आहे तिच्यापुढे उभे राहणाऱ्या बापाला विचारा. पुष्कळसे बाप उभे राहतच नाहीत. मुलाचे नाव काढतात आणि घरी काही तरी निराळेच कारण सांगतात.

माझी सूचना अशी. आपल्यापैकी पुष्कळजण पगारी नोकर आहेत. तेव्हा प्रत्येक कमावत्या माणसाने, मूल असो वा नसो, मिळकतीच्या रुपयामागे एक पैसा द्यावा. पगाराच्या दर दोनशे रुपयांमागे महिन्याला दोन रुपये पडतील. व्यापाऱ्यांनी व घरमालकांनीही याच दराने, नफ्यावर व भाड्यावर. वसुली मशिदीमशिदीच्या गबईने करावी, हिशेब दरसाल तपासून दाराशी लावावा, आणि ज्याची बाकी थकली असेल त्याला हेखाल उघडण्याच्या मानाची बोली लावू देऊ नये. हे शेवटचे कलम ठरावाच्या मसुद्यातून गाळावे असा निरोप मला सकाळी दोन सभासदांकडून आला. ते कलम मी ठेवले आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी व्यासपीठावर येऊन उपसूचना मांडावी. त्यांना बोलण्यास मी पाच मिनिटे देतो, आणि त्यानंतर ठराव मतास टाकतो.