किल्ल्यातली नगरपालिका



आज मी जालन्याच्या मस्तगडाविषयी बोलणार आहे. जुन्या इमारतीचा विषय निघाला की आपला पहिला प्रश्न असतो, बांधली कुणी? उत्तर सोपे आहे. १७२५ मध्ये असफजाहच्या, म्हणजे पहिल्या निजामाच्या हुकमावरून काबिलखानाने ही गढी बांधली. किल्ला चौकोनी, कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज. बांधकामाचे साल सांगणारा फारसी शिलालेख आहे. एक मोठी विहीर आहे, तिच्या बांधकामातच सज्जे आणि खोल्या काढलेल्या. एवढे ऐकले की आपण फोटो काढतो आणि खाली ‘आपला वारसा’ लिहून मोकळे होतो.

मला दुसरा प्रश्न विचारायचा आहे. पुढे त्या गढीत कोण बसले?

गॅझेटियरमध्ये नोंद आहे की या गढीत नगरपालिकेची कार्यालये होती. मला ही नोंद शिलालेखाइतकीच मोलाची वाटते. किल्ला शहरावर हुकूमत ठेवण्यासाठी बांधतात. नगरपालिका म्हणजे जन्ममृत्यूचा दाखला, घरपट्टी, दिवाबत्ती, गटार. ज्या दारातून रयत घाबरत आत जायची, त्याच दारातून नागरिक तक्रार घेऊन जाऊ लागला. हा बदल लढाईच्या तारखांपेक्षा कमी नाही.

आणि पाणी! जालन्यात पाण्याची गोष्ट निघाली की लोक हसतात, मी हसत नाही. मलिक अंबरच्या काळात जमशेदखानाने इथे मोठा तलाव बांधला, तोच मोती तलाव. तिथून जमिनीखालच्या नळांनी पाणी सराईच्या चौकातल्या हौदात आणले, शहरालाही तशीच सोय केली. त्याने काली मशीद बांधली, हमामही बांधला. मशिदीचे नाव आपल्याला पाठ असते, नळांचे कुणी सांगत नाही. खरे तर नळाचे पाणी सगळ्या मोहल्ल्यांत गेले असेल तर तेही सवाबाचेच काम.

काही जण म्हणतील, निजामाची इमारत, पडू द्या. आपल्यातले काही म्हणतील, आपली आहे, हात लावू नका. मला दोघांचेही पटत नाही. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये संपले. त्या दगडांवर माझा हक्क आहे तो मुसलमान म्हणून नव्हे, जालन्यात घरपट्टी भरणारा म्हणून. शेजारच्या पाटलांचा आणि मोच्यांचाही तेवढाच.

२०२३ मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली. गढीचे तीनशेवे वर्ष २०२५ मध्ये आले. मग विचारायला नको? ही मालमत्ता कागदावर कुणाच्या नावे आहे? दुरुस्तीवर शेवटचा पैसा कधी खर्च झाला? विहिरीतला गाळ कधी काढला? जुनी दप्तरे कुठे ठेवली आहेत? ती दप्तरे मला बुरुजांइतकीच महत्त्वाची वाटतात, कारण आपल्या आजी-आजोबांची नावे असलीच तर तिथेच असतील.

ज्यांना मदरशात थोडीफार फारसी मिळाली असेल त्यांनी शिलालेख उतरवून घ्यावा. त्याचा मराठी अर्थ दाराशी लावा, अशी मागणी आपण करू. माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना मी आणला आहे. शुल्क दहा रुपये. चहाच्या वेळी मागच्या टेबलापाशी या, एकत्र बसून भरू.